एक वजा

मित्रांनो, मी एक जुनी मोजपट्टी आहे आणि मला राग आलेला आहे.

जुन्या वस्तू आपली गोष्ट सांगायला बसल्या की शेवटी काय मागतात, हे तुम्हाला पाठ असेल. छत्री म्हणते, मला फेकू नका. खुर्ची म्हणते, माझा मोडका पाय बसवा. रेडिओ म्हणतो, मी तुमच्या किती कामी आलो ते आठवा. मी यातले काहीच मागणार नाही. मी जे मागणार आहे ते ऐकून तुम्ही म्हणाल, या पट्टीचे डोके फिरले आहे. फिरलेलेच आहे. पण का फिरले ते आधी ऐकून घ्या.

माझा जन्म एका लांबट शेडमध्ये झाला. पिवळ्या, मऊ, न ताणणाऱ्या पट्ट्याच्या गुंडाळीतून मला दीडशे सेंटीमीटरला कापले, अंगावर काळे आकडे छापले आणि दोन्ही टोकांना पत्र्याच्या टोप्या ठोकल्या. शेवटच्या टेबलावर एक तपासनीस बाई बसायच्या. त्यांच्यापुढे एक पोलादी पट्टी स्क्रूने घट्ट बसवलेली होती. आम्हा प्रत्येकीला त्या तिच्यावर ताणून धरत आणि टोकाला टोक भिडवून बघत. केसभर फरक दिसला तरी ती पट्टी खालच्या टोपलीत जायची.

एकदा शेजारची बाई त्यांना म्हणाली, "अगं, एवढ्याशा फरकानं काय आभाळ कोसळणार आहे?"

"ज्याचं माप घेतील त्याच्यावर कोसळेल," तपासनीस बाई म्हणाल्या. "आपल्याला इथं बसून काय कळणार?"

मी त्यांच्या हातून पास झाले. त्या दिवशी माझे शून्य शून्यावर होते आणि एक एकावर होता. एवढे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

तिथून मी एका रुग्णालयात आले. दिवसांआधीच जन्मलेल्या आणि आजारी बाळांना जिथे ठेवतात, त्या खोलीत माझी नेमणूक झाली. त्या खोलीला सगळे एनआयसीयू म्हणतात. दारातच कोपरापर्यंत हात धुवावे लागतात. आत बारा महिने उकडते, कारण तिथल्या बाळांना स्वतःची ऊब सांभाळता येत नाही. काचेच्या पेट्या रांगेने मांडलेल्या असतात आणि प्रत्येक पेटीपाशी कुठले ना कुठले यंत्र टिंगटिंग करत असते. त्यातले एखादे बाळ तर इतके लहान असते की त्याची मांडी तुमच्या अंगठ्याएवढी भरेल.

मी बाळांची डोकी मोजायची, लांबी मोजायची. पण माझे खरे मानाचे काम तिसरे होते. खांद्याच्या टोकापासून बेंबीच्या रेषेपर्यंत किती अंतर आहे ते सांगायचे.

हे अंतर कशाला हवे, ते सांगते. बाळ जन्मते तेव्हा त्याच्या बेंबीला नाळेचा तुकडा राहिलेला असतो. त्यात एक सैल, मोठी शीर असते आणि दोन बारीक धमन्या असतात. फार आजारी बाळाचा रक्तदाब क्षणोक्षणी बघावा लागतो, रक्तही वारंवार तपासावे लागते. दर वेळी सुई टोचली तर एवढ्याशा अंगाची चाळण होईल. म्हणून डॉक्टर नाळेतल्या एका धमनीतून दोऱ्याहून थोडी जाड, मऊ नळी आत सरकवतात. ती आधी खाली जाते, मग वळून पाठीच्या कण्यालगतच्या मोठ्या धमनीत वर चढते. तिचे टोक छातीच्या ठरलेल्या मणक्यांसमोर थांबायला हवे. त्याच्या खाली आतड्यांकडे आणि मूत्रपिंडांकडे जाणारे फाटे आहेत. टोक त्या फाट्यांपाशी राहिले तर त्यांचे रक्त अडू शकते. खाली पायांकडे जाणारे रक्तही त्याच वाटेवरचे. त्यामुळे नळी किती आत घालायची, हा अंदाजाचा मामला नाही. माझ्यावरचा आकडा घ्यायचा, भिंतीवरच्या तक्त्यात बघायचा आणि तक्ता सांगेल तेवढीच नळी आत सरकवायची.

मी ते काम चोख केले. खोलीत मला 'पिवळी' म्हणत. "पिवळी कुठे गेली? पिवळीला आणा," अशी हाक आली की माझा ऊर भरून यायचा. मोठे डॉक्टर, म्हणजे त्या खोलीचे प्रमुख, नव्या डॉक्टरांना सांगायचे, "यंत्रं पन्नास येतील, पण पिवळीसारखी कामाची वस्तू नाही." मी फुगून जायचे. कौतुकाने माणसे फुगतात, मी तर पट्टी.

दोन वर्षांनी माझ्या टोकाची पत्र्याची टोपी सैल झाली. रोज स्पिरिटने पुसून पुसून तिची कड उचकटली होती. एका बाळाच्या खांद्यावर तिचा ओरखडा उठला. तिथल्या मोठ्या सिस्टरना हे सहन होणे शक्यच नव्हते. त्या खोलीत वीस वर्षे काढलेली बाई. डॉक्टरांपासून झाडूवाल्या मावशींपर्यंत सगळे त्यांना टरकून असत आणि बाळांच्या बाबतीत त्या डोळ्यांत तेल घालून असत. त्यांनी खिशातली कात्री काढली आणि टोपीसकट मला एकच्या रेघेवर कापले.

"आता ही एकपासून सुरू होते," त्या सगळ्यांना म्हणाल्या. "वाचाल त्यातून एक वजा करायचं. नवी येईपर्यंत, हं."

त्यांचा हेतू चांगला होता. मला त्यांचा राग येऊ नये म्हणून मी हे स्वतःला सहा वर्षे सांगत आले.

नव्या पट्ट्या आल्याच नाहीत, असे समजू नका. चौथ्याच महिन्यात आल्या. एका बाळाला एक वापरून टाकून द्यायच्या, पन्नास कागदी पट्ट्यांचा खोका. मोठ्या डॉक्टरांनी तो काचेच्या कपाटात ठेवला, तपासणीला येणाऱ्या लोकांना दारातूनच दिसेल असा. कपाटाला कुलूप, किल्ली त्यांच्या खिशात. "उगाच फोडू नका. तपासणी होऊन जाऊ दे, मग बघू." एक तपासणी झाली, दुसरी झाली, पाचवी झाली. हत्तीचे खायचे दात वेगळे आणि दाखवायचे वेगळे असतात म्हणे. आमच्याकडे दाखवायचे दात कपाटात कुलूपबंद होते आणि खायचा दात मी, तोही पुढून पडलेला.

हळूहळू 'एक वजा' हा त्या खोलीतला विनोद झाला. मोठ्या सिस्टरच्या वाढदिवसाला कोणी विचारले, "किती झाली?" त्या म्हणाल्या, "छप्पन्न." लगेच मागून आवाज आला, "एक वजा करून की न करता?" कोणी पाच जणांचा चहा सांगितला आणि चारच कप आले, तर "पिवळीनं मोजले वाटतं!" सगळे हसायचे. मीही हसायचे. आज त्या हसण्याची लाज वाटते. खोलीत नवीन आलेल्या माणसाला दोन-तीन दिवसांत कोणीतरी हळूच सांगायचे, "पिवळीचं एक वजा बरं का." ते कळले की तो आमच्यातला झाला. कुठे लिहून ठेवलेले नव्हते. सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट लिहायची कशाला?

आणि मित्रांनो, त्यातच खरी मेख होती. वजा करायचे हे सगळ्यांना माहीत होते. वाचणाऱ्याने करायचे की ऐकणाऱ्याने, हे मात्र कोणीच ठरवले नव्हते.

तीनदा इशारा मिळाला होता. तीन बाळांच्या वेळी वजा करायचे राहून गेले आणि नळी जास्त आत गेली. एक्स-रेत दिसले, डॉक्टरांनी ती तेवढी मागे ओढली, काम भागले. का चुकले, हे कोणी विचारले नाही. "चालायचंच," म्हणाले. हा शब्द त्या खोलीत इतक्या वेळा उच्चारला गेला की दर वेळी पैशाच्या पेटीत एक नाणे टाकले असते, तर नव्या पट्ट्यांचे कारखाने उभे राहिले असते.

आता त्या दिवसाचे सांगते.

सकाळी अकराच्या सुमारास एक मुलगी आली. दोन महिने आधी जन्मलेली, अकराशे ग्रॅमची, श्वासाला झगडणारी. तिची आई शस्त्रक्रियेनंतर वरच्या मजल्यावर पडून होती. वडील औषधांच्या चिठ्ठ्या घेऊन जिने चढत-उतरत होते. बाहेरच्या बाकावर तिची आत्या बसली होती. ती शिंपीण होती, तिचे स्वतःचे शिवणाचे दुकान होते. नुसते बसून राहणे तिला जमेना. पिशवीत मऊ कापडाचा तुकडा होता, सुईदोरा होता. आपल्या बोटाच्या पेरांवर अंदाज घेत तिने तिथल्या तिथे भाचीसाठी दोन चिमुकले मोजे शिवायला घेतले.

आत डॉक्टर होते चष्मेवाले. सगळे त्यांना असेच म्हणत. येऊन नऊच दिवस झाले होते, पण पोरगा हुशार आणि मनापासून काम करणारा. मदतीला छोटी सिस्टर होती. तीही मनापासून करणारी. एरवी डॉक्टर आधी स्वतः माप घेत आणि मग हात धुवून निर्जंतुक हातमोजे चढवत. त्या दिवशी घाई होती. डॉक्टरांनी आधीच हातमोजे चढवले होते, म्हणून माप छोट्या सिस्टरने घेतले.

मी त्या मुलीच्या खांद्यापासून बेंबीपर्यंत ताणले गेले. माझ्यावर अकरा दिसत होते. छोट्या सिस्टरने मनातल्या मनात एक वजा केले आणि मोठ्याने म्हणाली, "दहा."

चष्मेवाल्या डॉक्टरांनी 'दहा' ऐकले. त्यांनीही मनातल्या मनात एक वजा केले. "नऊ," ते स्वतःशीच पुटपुटले आणि तक्त्याकडे बघितले.

मी ओरडले. मला तोंड नाही, पण मी ओरडले. अकरा वाचलेत, दहा खरे आहेत, नऊ कुठून आणलेत? मला सामानाच्या ताटात गुंडाळून ठेवले आणि नळी आत गेली. जिथे जायला हवी होती त्याच्या खालीच थांबली. दोघांनी आपापले काम नीट केले होते. दोघांनी नियम पाळला होता. एकच नियम दोघांनी पाळला होता.

साडेबाराला एक्स-रे काढला. तो पडद्यावर आलाही. पण तेवढ्यात शेजारच्या पेटीतल्या बाळाचा श्वास अडला आणि चष्मेवाले तिकडे धावले. इकडे नळीतून सलाईनही सुरू झाले होते. छोट्या सिस्टरने दोनदा विचारले, "सर, एक्स-रे बघितला का?" दोन्ही वेळा उत्तर आले, "बघतो, बघतो." दीड वाजला. पेटीजवळच्या भिंतीवर ठळक अक्षरांत लिहिले आहे, 'नळी असताना दोन्ही पाय उघडे ठेवा, बोटांचा रंग बघत राहा.' पण आत्याने शिवून आत पाठवलेले मोजे इतके गोजिरवाणे होते आणि मुलीचे पाय इतके गार लागत होते की छोट्या सिस्टरने ते घातले. माया आणि चूक कधीकधी एकाच हाताने होतात.

पावणेदोनला आत्याला आत सोडले. ती पेटीपाशी आली आणि शिंपिणीच्या सवयीने आधी आपलेच काम बघायला गेली.

"बसले का गं नीट? घट्ट तर होत नाहीत ना?"

"बघा ना, किती गोड दिसतात," छोटी सिस्टर म्हणाली आणि पेटीच्या झरोक्यातून हात घालून तिने उजवा मोजा अलगद उतरवला.

बोटे कागदासारखी पांढरी होती. करंगळी निळसर पडली होती.

आत्या म्हणाली, "हा पाय असा का गं?" छोट्या सिस्टरने डावा मोजा काढला. तो पाय गुलाबी होता. मग आत्या एवढ्या जोरात ओरडली की दारात दुपारच्या पाळीसाठी हात धूत असलेल्या मोठ्या सिस्टर तशाच ओल्या हातांनी आत आल्या.

त्यांनी एकदा पायाकडे बघितले. "कोमट फडकं आण. डाव्या पायाला गुंडाळ."

"डाव्या?" आत्या म्हणाली. "अहो, बिघडलाय उजवा!"

"चांगल्या पायाला ऊब दिली की आखडलेल्या बाजूची नसही सैल होते. आखडलेल्याला ऊब द्यायची नाही, तिथं रक्त नाही, भाजेल ते." बोलता बोलता त्यांनी पडद्यावर एक्स-रे उघडला आणि बोटाने मणके मोजले. त्यांचा चेहरा उतरला. "डॉक्टर, इकडे या. नळी खाली राहिलीय."

चष्मेवाले आले, बघितले आणि त्यांचाही रंग त्या बोटांसारखा झाला. "एखादा सेंटीमीटरच कमी आहे. लगेच पुढे सरकवतो," म्हणून त्यांनी हात पुढे केला.

मोठ्या सिस्टरनी त्यांचे मनगट धरले. "हात लावू नका. बाहेर राहिलेली नळी आता स्वच्छ नाही. मागं ओढता येते, पुढं ढकलता येत नाही. जंतू थेट रक्तात जातील. आणि पाय पांढरा पडलाय, बाबा. आता ती काढायचीच."

"पण सर म्हणतील…"

"सरांना मी बोलावते. तुम्ही काढायची तयारी करा."

मोठे डॉक्टर चार मिनिटांत खाली आले. नळी हळूहळू बाहेर काढली. दहा डोळे एका तळपायाकडे लागले होते, जो माझ्या सहा सेंटीमीटरांतही मावला असता. आधी टाच गुलाबी झाली. मग अंगठा. मग एकेक करत पुढची तीन बोटे. पाऊण तास लागला. करंगळीचे टोक मात्र निळेच राहिले.

आता मला सांगा, मोठ्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न काय विचारला असेल?

"मोजे कोणी घातले?"

छोटी सिस्टर रडायला लागली. "मी, सर."

"लेखी खुलासा द्या. आजच्या आज."

मित्रांनो, तळपायाची आग मस्तकात जाणे म्हणजे काय, ते मला त्या क्षणी समजले. चोर सोडून संन्याशाला फाशी! मोज्यांनी बोटे झाकली, ती चूकच होती, तिने ती नाकारलीही नाही. पण बोटे पांढरी कोणी केली? ते विचारायचे धाडस शेवटी आत्यानेच केले.

"मोजे मी शिवले," ती म्हणाली. "त्याचं काय ते माझं मी बघेन. पण नळी काही मोज्यांमुळं चुकली नाही. माप किती आलं होतं?"

"दहा," छोटी सिस्टर म्हणाली.

"नऊ," चष्मेवाले म्हणाले.

दोघांनी एकमेकांकडे बघितले. मग छोट्या सिस्टरचा हात तोंडावर गेला. "सर, मी वजा करूनच सांगितलं होतं."

"आणि मीही…" चष्मेवाले म्हणाले.

"काय वजा?" आत्या म्हणाली. "बघू ती टेप."

कोणी हलले नाही, तेव्हा तिने स्वतःच मला ताटातून उचलले. किती वर्षांनी मला माप जाणणाऱ्या हाताचा स्पर्श झाला! तिने माझे टोक अंगठ्याखाली धरले, बोट पुढे सरकवले आणि ती थांबली.

"हिला शून्यच नाही," ती म्हणाली. "एकपासूनच सुरू होते ही. अहो, माझ्या दुकानात टेपचं टोक झिजलं की मी त्याच दिवशी कात्रीनं तुकडे करते, पोरींनी चुकूनसुद्धा उचलू नये म्हणून. ह्या टेपनं मी झबलंसुद्धा बेतणार नाही. कापड वाया गेलं तर गिऱ्हाइकाला काय तोंड दाखवू? आणि तुम्ही हिनं…" तिने पेटीकडे बोट केले.

मोठे डॉक्टर घसा साफ करत म्हणाले, "तसं नाही, आमच्याकडे एक पद्धत ठरलेली आहे."

"कुणी ठरवली?"

"मी," मोठ्या सिस्टर म्हणाल्या. "सहा वर्षांपूर्वी मीच कापली. एक वजा करा, असं पहिल्यांदा मीच म्हटलं. ह्यांचं काही चुकलेलं नाही. खुलासा मी लिहिते."

त्या खाली बघत नव्हत्या. सरळ आत्याकडे बघत होत्या. माझा सहा वर्षांचा दाबून ठेवलेला राग त्या वाक्याबरोबर थोडा विरघळला. पूर्ण नाही.

मग बैठक झाली. मोठ्या माणसांच्या बैठकीतून काय निघावे, सांगा पाहू? एक छापील कागद निघाला. त्यातली चौथी सूचना अशी: 'पट्टी वापरताना एक वजा केल्याची खात्री दोघांनी करावी.' दोघांनी! अहो, दोघांनी केले म्हणून तर ही वेळ आली! माझ्या अंगावर लाल चिकटपट्टी लावली आणि तिच्यावर शाईने लिहिले, 'एक वजा.' चौकशी पुरी होईपर्यंत मला खणात ठेवायचे ठरले. आगीतून काढून फुफाट्यात ठेवले.

एक मात्र झाले. मोठ्या सिस्टरनी मोठ्या डॉक्टरांच्या टेबलासमोर उभे राहून हात पुढे केला आणि म्हणाल्या, "किल्ली." दुसरा शब्द नाही. किल्ली मिळाली. काचेच्या कपाटातला खोका फुटला. त्यातल्या पहिल्याच पट्टीवर शून्य होते, जिथे असावे तिथे.

मुलगी जगली. सात आठवडे तिथे राहिली, हळूहळू दूध प्यायला लागली, तिचे वजन दुप्पट झाले. करंगळीचे टोक काळे पडले, वाळले आणि विसाव्या दिवशी गळून गेले. डॉक्टर तिच्या आईला म्हणाले, "चालायला काही अडचण येणार नाही. नशीब समजा, पाय वाचला." पाय वाचला हे खरेच आहे. आईने मान हलवली. मग तिने मुलीचा पाय तळहातावर घेतला आणि अंगठ्यापासून एकेक बोट मोजत गेली. शेवटच्या बोटापाशी तिचे बोट जरा वेळ तिथेच राहिले. "हिचं एवढंसं होतं तरी केवढं," ती म्हणाली, "त्यातलंही तुम्हाला सोडवलं नाही." मी खणात होते. खणाची फट उघडी होती, म्हणून मला सगळे ऐकू आले.

मुलगी घरी निघाली त्याच दुपारची गोष्ट. आई आणि आत्या मुलीला घेऊन दारापाशी कागदांची वाट बघत उभ्या होत्या. तेवढ्यात एक नवे बाळ आले, तसेच छोटे, तसेच श्वासाला झगडणारे. नळी घालायची होती. छोट्या सिस्टरने खोक्यात हात घातला. खोका रिकामा होता. पन्नास पट्ट्या संपल्या होत्या. नव्यांची मागणी केली होती, कागद वर गेला होता आणि वरच बसला होता.

"अरे, मग थांबलात कशाला?" मोठे डॉक्टर म्हणाले. "पिवळी आहे ना खणात? घ्या तेवढ्यापुरती. एक वजा करा, झालं."

खण उघडला. उजेड माझ्या अंगावर पडला. मित्रांनो, मी कधी एवढी घाबरले नव्हते. मला उचलणारा हात छोट्या सिस्टरचा होता. "सर, नको," ती रडवेली होऊन म्हणाली. "मी नाही हिनं मोजणार."

"ह्यात रडण्यासारखं काय आहे? दोघांनी खात्री करा. कागदात लिहिलंय ना?"

मोठ्या सिस्टर खोलीच्या त्या टोकाला होत्या. 'एक वजा' हे शब्द त्यांच्या कानावर पडले. त्या भराभर आल्या, छोट्या सिस्टरच्या हातातून मला घेतले आणि खिशातून कात्री काढली. तीच कात्री. त्यांनी कोणाला विचारले नाही. पहिला घाव अकराच्या रेघेवर बसला. मग पन्नासवर. मग जिथे कात्री पडेल तिथे. लाल चिकटपट्टीही मधोमध चिरली गेली. पिवळे तुकडे मोठ्या डॉक्टरांच्या टेबलावर टाकून त्या म्हणाल्या,

"घ्या, सर. आता करा वजा."

आत्याने दारातूनच मान डोलावली, एक कारागीर दुसऱ्या कारागिराला दाद देते तशी. छोटी सिस्टर तोवर पळत सुटली होती. खालच्या मजल्यावरच्या प्रसूतीच्या वॉर्डातून ती नवी कागदी पट्टी घेऊन परत आली. मी घड्याळ बघत होते. दोन मिनिटे लागली. सहा वर्षे मी ज्या जागेवर बसले होते, ती जागा भरायला दोन मिनिटे पुरली. हे आठवले की माझे तुकडेसुद्धा रागाने वळवळतात.

आता मी कचऱ्याच्या डब्यातून बोलते आहे आणि ही माझी योग्य जागा आहे. मला जपू नका. माझ्यासारख्या कोणालाच जपू नका. जिच्याबरोबर एक तोंडी सूचना द्यावी लागते, 'जरा डावीकडे दाबून धर', 'दोनदा आपट म्हणजे चालते', 'एक वजा कर', अशी वस्तू तुमच्या हाती येईल. सगळे तिच्यावर हसतील, तिला लाडाचे नाव ठेवतील. तुम्ही हसू नका. कात्री शोधा.

आणि ती मुलगी. उद्या ती मोठी होईल, कोणीतरी तिला मांडीवर घेऊन पायाच्या बोटांवर दहापर्यंत मोजायला शिकवेल. दहाव्या बोटापाशी ती थांबेल आणि वर बघेल. तिला काय सांगायचे, ते त्या खोलीतल्या प्रत्येकाने आजच ठरवून ठेवावे.